चेक परत आला, पोलिसांची नोटीस आली : वकील केव्हा गाठावा?

साध्या बचतदाराचा पोलीस-कोर्टाशी सहसा संबंध येत नाही. आला, तर तो अनेकदा बँक खात्यामुळेच येतो. खात्यातले पैसे कोणी पळवतो, घेतलेला चेक परत येतो, किंवा खाते गोठवल्याचा संदेश मोबाइलवर झळकतो. अशा वेळी काहीजण वकील शोधण्यात मोलाचे तास घालवतात. काहीजण वकिलाची खरी गरज असतानाही ‘आपण काही केलेलेच नाही, मग खर्च कशाला?’ म्हणून एकटेच पोलीस ठाण्यात जातात. दोन्ही गोष्टी महागात पडतात.

एक सोपी खूण लक्षात ठेवा. तक्रार तुमची असेल, तर आधी तक्रार, मग वकील. तक्रार तुमच्याविरुद्ध असेल, तर आधी वकील, मग उत्तर.

खात्यातून पैसे गेले, तर?

येथे घाई महत्त्वाची आहे. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पुढे सरकत राहते. ती कुठेतरी असेपर्यंतच रोखता येते. म्हणून ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा, बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि संदेशांचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा.

एफआयआर नोंदवायला वकील लागत नाही, फीही लागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला, तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. ठाण्याने नोंद घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. तरीही काही झाले नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. या टप्प्यावर मात्र वकील घ्यावा.

घेतलेला चेक परत आला, तर?

उसने दिलेले पैसे किंवा मालाची रक्कम म्हणून घेतलेला चेक खात्यात शिल्लक नसल्याने परत आला, तर तो गुन्हा ठरू शकतो. त्याला २ वर्षांपर्यंत कैद, चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पण कायद्याच्या मुदती कडक आहेत:

• बँकेकडून चेक परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवावी लागते.
• नोटीस मिळाल्यापासून पैसे देण्यासाठी समोरच्याला १५ दिवस मिळतात.
• त्या १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढील एका महिन्यात कोर्टात तक्रार करावी लागते.

‘पुढच्या आठवड्यात देतो’ या गोड बोलण्यात पहिले ३० दिवस निघून जातात. म्हणून बँकेचा परतीचा मेमो हातात पडताच वकिलाकडे जा. आणि अशी नोटीस तुम्हालाच आली असेल, तर ती बाजूला ठेवू नका. देणे खरे असेल, तर १५ दिवसांत रक्कम चुकती करून पावती घेतल्यास खटल्याची वेळ येत नाही.

खाते गोठले, पोलिसांची नोटीस आली, तर?

समजा, ओळखीच्या एकाने म्हटले, “माझ्या खात्यात अडचण आहे. पैसे तुझ्या खात्यावर येऊ दे, दोन हजार तुला ठेव.” आठ दिवसांनी खाते गोठते आणि दुसऱ्या राज्यातील पोलीस ठाण्याची नोटीस येते. ते पैसे कोणाच्या तरी फसवणुकीतले होते. खाते तुमच्या नावावर, म्हणून पहिला प्रश्न तुम्हालाच.

अशा वेळी कोणत्या ठाण्याच्या कोणत्या प्रकरणात, किती रक्कम रोखली आहे, हे बँकेला लेखी विचारा. त्या माणसाशी झालेले संदेश पुसू नका. तेच तुमच्या बाजूचा पुरावा ठरू शकतात. नोटिशीला उत्तर देण्यापूर्वी वकिलाला भेटा, पण नोटीस टाळू नका. हजर राहण्याची नोटीस पाळणाऱ्याला पोलीस सहसा अटक करत नाहीत. करायची झाल्यास कारणे नोंदवावी लागतात. नोटीस न पाळल्यास मात्र अटक होऊ शकते. कोऱ्या कागदावर सही कधीही करू नका.

अटक झालीच, तर तिचे कारण कळणे, नातेवाइकाला कळवले जाणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला मिळणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले जाणे, हे तुमचे हक्क आहेत.

लक्षात ठेवा, ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेश दाखवून ‘तपासणीसाठी पैसे पाठवा’ म्हणणारा पोलीस नसतो. फोन ठेवा आणि १९३० ला कळवा.

वकिलाची फी परवडत नसेल, तर?

१५१०० या क्रमांकावर किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारा. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्तींना उत्पन्न कितीही असले, तरी मोफत वकील मिळू शकतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा असते. ती राज्यानुसार वेगळी आहे.

वकिलाकडे जाताना पासबुक, नोटीस, मेमो आणि संदेशांच्या प्रती न्या. फी किती, ते आधीच विचारून घ्या. स्वतःची चूक असेल, तर तीही सांगा. वकिलाला सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवणे हे त्याचे कायदेशीर बंधन आहे. अर्धवट माहितीवर मिळालेला सल्लाही अर्धवटच असतो.

आणि सर्वांत स्वस्त सल्ला : आपले खाते, एटीएम कार्ड आणि सही केलेला कोरा चेक दुसऱ्याच्या हाती देऊ नका.