ट्री पाठवायचा की ट्रीचा पत्ता? : व्हर्च्युअल मशीन मायग्रेशनमधला एक छोटा पण चिवट प्रश्न

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एक छोटा प्रोटोटाइप लिहिला होता. मेमरीतला एक बायनरी ट्री फाइलमध्ये लिहायचा, परत वाचायचा आणि सगळ्या की सापडतात का ते बघायचं, एवढंच. टेस्ट पहिल्या झटक्यात पास झाली. मग मॅडमसमोर डेमो देताना फाइल दुसऱ्या मशीनवर नेली आणि वाचायला घेतली, तर पहिल्याच नोडला प्रोग्रॅम कोसळला. मॅडमनी कोड पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "तू ट्री पाठवलास की ट्रीचा पत्ता?"

झालं होतं असं की मी प्रत्येक नोडचे बाइट्स जसेच्या तसे लिहिले होते. त्यात डाव्या-उजव्या मुलांचे पॉइंटरही आले. टेस्टमध्ये लिहिणं आणि वाचणं एकाच प्रोसेसमध्ये व्हायचं. जुना ट्री अजून मेमरीत जिवंत होता, त्यामुळे ते पॉइंटर बरोबर ठिकाणी पोचत होते. म्हणजे माझी टेस्ट नवा ट्री तपासतच नव्हती, जुन्याच ट्रीवर फिरून येत होती! तीन आठवड्यांचं काम त्या दुपारी परत पहिल्या पायरीवर आलं.

तुम्ही सिस्टिम्समध्ये संशोधन करायचा विचार करत असाल, तर हा प्रश्न एकदा नीट समजून घ्या. दिसतो डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरातल्या पाच मार्कांच्या प्रश्नासारखा, पण खऱ्या मायग्रेशनमध्ये त्याला बरेच फाटे फुटतात.

मायग्रेशनमध्ये नक्की काय जातं?

लाइव्ह मायग्रेशन म्हणजे चालू व्हर्च्युअल मशीन एका होस्टवरून दुसऱ्या होस्टवर हलवणं. क्लार्क आणि सहकाऱ्यांचा २००५ चा पेपर या विषयात सगळेच वाचतात. मशीन चालू असतानाच मेमरीची पानं कॉपी करत राहायची, मधल्या वेळात बदललेली पानं पुन्हा पाठवायची आणि शेवटी क्षणभर मशीन थांबवून उरलेलं पाठवायचं, ही त्यातली पद्धत. क्वेक ३ या गेमचा सर्व्हर त्यांनी सुमारे ६० मिलिसेकंदांच्या खंडात हलवून दाखवला होता.

इथे एक शंका यायला हवी. गेस्टच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्येही ट्री असतातच, रेड-ब्लॅक ट्री तर जागोजागी. ते कोण सीरियलाइज करतं? कोणीच नाही. गेस्टची मेमरी बाइट-बाय-बाइट जाते आणि गेस्टला दिसणारे पत्ते दोन्हीकडे तेच राहतात, म्हणून आतले पॉइंटर आपोआप बरोबर ठरतात.

अडचण येते ती एमुलेटरच्या स्वतःच्या डेटाची. क्यूएमू ही होस्टवर चालणारी एक साधी प्रोसेस आहे. डिस्क, नेटवर्क कार्ड अशा आभासी उपकरणांची स्थिती तिच्या हीपमध्ये असते. दुसऱ्या होस्टवर वेगळी प्रोसेस आणि वेगळे पत्ते. तिथे पॉइंटर म्हणजे नुसता निरर्थक आकडा.

खरं उदाहरण : व्हर्टायो-आयओएमएमयू

आयओएमएमयूचं काम म्हणजे उपकरणाने वापरलेला पत्ता खऱ्या मेमरीच्या पत्त्यात बदलून देणं. व्हर्टायो-आयओएमएमयू या आभासी उपकरणात गेस्ट विनंती पाठवतो : "या डोमेनमध्ये इथपासून इथपर्यंतचे पत्ते तिकडे जोड." क्यूएमू ही नोंद जीलिब लायब्ररीतल्या जी-ट्रीमध्ये ठेवतो. जी-ट्री हा स्वतःला संतुलित ठेवणारा बायनरी ट्री आहे.

रचना दुहेरी आहे. बाहेर डोमेनचा ट्री, की म्हणजे डोमेनचा क्रमांक. प्रत्येक डोमेनच्या आत मॅपिंगचा आणखी एक ट्री, ज्याची की म्हणजे पत्त्यांचा पट्टा, खालची आणि वरची सीमा. मायग्रेशनमध्ये हा ट्री हरवला तर गेस्टला वाटेल मॅपिंग आहे, एमुलेटर म्हणेल नाही, आणि त्यामागच्या डिस्कचं किंवा नेटवर्कचं काम तिथेच अडेल.

आकार पाठवायचा की आशय?

आता समजा ट्रीत ४०, २०, ६०, १०, ३० या की आहेत. मुळाशी ४०, डावीकडे २० आणि त्याखाली १० व ३०, उजवीकडे ६०.

पहिला मार्ग आकार जपण्याचा. प्रीऑर्डरने फिरायचं आणि रिकाम्या जागी खूण टाकायची : ४०, २०, १०, #, #, ३०, #, #, ६०, #, #. पाच नोड, सहा खुणा. नोड कितीही असोत, खुणा नेहमी एकाने जास्त. यातून ट्री हुबेहूब उभा राहतो.

दुसरा मार्ग फक्त आशय पाठवण्याचा : १०, २०, ३०, ४०, ६०. पलीकडे रिकामा ट्री तयार ठेवायचा आणि एकेक की घालत जायची.

पुस्तकी उत्तर पहिलं, पण क्यूएमूने दुसरा मार्ग घेतला. का? कारण ट्रीचा आकार ही त्या उपकरणाची स्थितीच नाही. गेस्टच्या दृष्टीने "हा पट्टा तिकडे जोडलाय" एवढंच खरं आहे. नोड डावीकडे आहे की उजवीकडे, ही लायब्ररीची घरगुती बाब. आकार पाठवला की लायब्ररीची अंतर्गत रचना तुमच्या फॉरमॅटमध्ये कायमची अडकते. उद्या ट्रीऐवजी दुसरं काही वापरायचं ठरलं तर जुन्या स्ट्रीमचं ओझं वाहत बसा.

आणखी एक फायदा बघा. क्रमाने लिहिलेला आशय ट्रीच्या आकारावर अवलंबून नसतो. त्यामुळे लिहा, वाचा, पुन्हा लिहा. दोन्ही वेळचे बाइट्स सारखेच यायला हवेत. इतकी सोपी आणि कडक टेस्ट फुकट मिळते.

प्रत्यक्ष बाइट्स

क्यूएमूचा जी-ट्रीचा फॉरमॅट अगदी साधा आहे. आधी नोडची संख्या, चार बाइट्समध्ये. मग प्रत्येक नोडसाठी एक खुणेचा बाइट १, त्यानंतर की आणि किंमत. शेवटी खुणेचा बाइट ०. संख्या आधीच दिली असताना खुणा कशाला, असं वाटेल. पण वाचणारा दोन्ही जुळतात का ते पाहतो आणि जुळले नाहीत तर मायग्रेशन तिथेच नापास करतो. अर्धवट ट्री घेऊन मशीन चालू करण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

संख्या बिग-एंडियन क्रमाने लिहिली जाते. ५ म्हणजे ०० ०० ०० ०५. हेच बाइट्स कोणी लिटल-एंडियन समजून वाचले तर आकडा येतो ८,३८,८६,०८०. तसंच पॅडिंगचं. एक बाइटचा आणि एक आठ बाइटचा असे दोन फील्ड असलेला स्ट्रक्ट नेहमीच्या ६४-बिट मशीनवर १६ बाइट्स घेतो, ९ नाही. सीमधला लाँग ६४-बिट लिनक्सवर ८ बाइट्सचा, तर ६४-बिट विंडोजवर ४ चा. म्हणून पोर्टेबल फॉरमॅटमध्ये स्ट्रक्ट आख्खा कधीच लिहू नका. प्रत्येक फील्ड ठरलेल्या रुंदीत आणि ठरलेल्या क्रमात लिहा.

काय पाठवायचं नाही?

माझ्या मते खरी गंमत इथे आहे. ट्रीला दोन की जोखणारं तुलना फंक्शन लागतं. इथलं फंक्शन तर खास आहे : एकमेकांवर चढणारे दोन पट्टे ते "समान" मानतो, म्हणून एखादा पत्ता कोणत्या पट्ट्यात येतो हे साध्या शोधानेच कळतं. पण फंक्शनचा पत्ता पाठवून उपयोग नाही. म्हणून पलीकडचं क्यूएमू स्ट्रीम वाचण्याआधीच योग्य तुलना फंक्शन लावलेला रिकामा ट्री तयार करून ठेवतं.

दुसरं, एंडपॉइंट म्हणजे जोडलेल्या उपकरणांचाही एक वेगळा ट्री आहे. प्रत्येक एंडपॉइंटकडे आपल्या डोमेनचा पॉइंटर असतो आणि डोमेनकडे एंडपॉइंटची यादी. हे असं वर्तुळ पाठवणार कसं? तर पाठवायचंच नाही. डोमेनबरोबर यादी जाते. वाचून झाल्यावर त्या यादीवरून एंडपॉइंटचा ट्री नव्याने भरला जातो आणि मागे जाणारे पॉइंटर तिथेच लावले जातात. एक गोष्ट एकदाच पाठवा, बाकीचं तिच्यावरून काढा.

आता आवृत्त्या. क्यूएमूमध्ये प्रत्येक वर्णनाला आवृत्ती क्रमांक असतो आणि वाचता येईल अशी किमान आवृत्तीही. नंतर सुचलेलं फील्ड उपविभागात टाकता येतं आणि तो उपविभाग खरंच गरज असेल तेव्हाच जातो, म्हणजे एरवी जुन्या क्यूएमूलाही स्ट्रीम वाचता येतो.

आणि वेळ. उपकरणांची अशी स्थिती साधारणपणे मशीन थांबल्यावर, शेवटच्या टप्प्यात जाते. क्यूएमूमध्ये या थांब्याची मूळ मर्यादा ३०० मिलिसेकंद आहे. मॅपिंग शंभर असतील तर काहीच वाटत नाही, पण लाखोंच्या घरात गेली की प्रत्येक नोड पुन्हा घालण्याचा खर्च याच वेळेतून जातो. की क्रमानेच येत असतील तर ट्री एकदम बांधता येईल का, बदललेल्या नोंदी तेवढ्या आधी पाठवता येतील का, हे विचार करण्यासारखे प्रश्न आहेत.

तुमच्यासाठी गृहपाठ

एक छोटा ट्री घ्या. एका प्रोसेसने लिहा, ती प्रोसेस बंद करा, मग दुसऱ्या प्रोसेसने वाचा. पुन्हा लिहा आणि बाइट्स ताडून पाहा. मग फाइलमधली संख्या मुद्दाम चुकवा. प्रोग्रॅम नीट नकार देतो का? मी ही अर्ध्या तासाची कसरत आधी केली असती तर ते तीन आठवडे वाचले असते.

आणि कोणतंही डेटा स्ट्रक्चर समोर आलं की कागदावर दोन रकाने आखा : यातलं खरं काय आणि सोयीसाठी ठेवलेलं काय. पहिला रकाना पाठवायचा, दुसरा पलीकडे पुन्हा बांधायचा. आता डिझाइनच्या मीटिंगला जाताना मी हाच कागद घेऊन जाते. मॅडमचा तो प्रश्न त्यानंतर पुन्हा आलेला नाही.