चौथीतला मुलगा, दुसरीची गोष्ट

शाळेत नाव आहे, हजेरी आहे, दप्तरात पुस्तकंही आहेत. पण पुस्तकातलं वाचता येतं का? सरकारी शाळांतल्या मुलांच्या वाचनाचा हा ताळेबंद... आणि तो सुधारण्याची एक साधीसोपी युक्ती!

रविवारची सकाळ. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी त्या दिवशी नातवालाही घेऊन आल्या होत्या. पालिकेच्या शाळेत, इयत्ता चौथी. 'वाचून दाखव रे ताईला,' मावशी कौतुकानं म्हणाल्या. पठ्ठ्यानं दप्तरातून मराठीचं पुस्तक काढलं आणि अख्खा धडा असा काही खडाखडा म्हटला, की मी चक्क टाळ्या वाजवल्या. मग सहज म्हणून पेपरच्या पुरवणीतली एक छोटीशी गोष्ट त्याच्यासमोर धरली. 'ए...का...' इथपर्यंत गाडी आली. पुढे जोडाक्षर होतं. गाडी तिथेच थांबली.

धडा त्याला पाठ होता. मघाशी पान उलटायलाही तो विसरला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

'रोज जातो हो शाळेत, एक दिवस बुडवत नाही,' मावशी पुटपुटल्या. त्यांचा चेहरा मला आठवडाभर छळत राहिला.

एक कागद, चार पायऱ्या

हा मुलगा काही एकटा नाही. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकारानं २००५ पासून देशाच्या ग्रामीण भागात 'असर' नावाची पाहणी होते. तिची पद्धत भन्नाट सोपी आहे. स्वयंसेवक थेट घरी जातात आणि मुलाच्या हातात एक कागद देतात. त्यावर काही अक्षरं, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा एक उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट. मूल कुठल्या पायरीपर्यंत पोचतं, तेवढंच बघायचं. मार्क नाहीत, नापास नाही.

आता निकाल ऐका. २०२४ च्या पाहणीत सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी मुलं होती फक्त २३.४ टक्के. पाचवीत हा आकडा ४४.८ टक्के. म्हणजे प्राथमिक शाळेची पाच वर्षं संपत आली, तरी निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचं वाचता येत नाही!

यात एक बरी बातमीही आहे. कोरोनात शाळा बंद राहिल्या, त्यानंतर २०२२ मध्ये तिसरीचा हाच आकडा १६.३ टक्क्यांवर घसरला होता. दोन वर्षांत तो नुसता सावरला नाही, तर २०१८ च्या २०.९ टक्क्यांच्याही पुढे गेला. म्हणजे सुधारणा होऊ शकते. प्रश्न वेगाचा आहे.

वर्ग पुढे, मूल मागे

पण असं होतं तरी कसं? थोडं आपल्या ऑफिससारखंच. पहिल्या आठवड्याचं ट्रेनिंग हुकलं, की पुढची सगळी प्रेझेण्टेशन्स डोक्यावरून जातात. पहिली-दुसरीत वाचायला शिकायचं असतं. तिसरीपासून वाचून शिकायचं असतं, मग ते परिसर अभ्यास असो की गणितातलं शाब्दिक उदाहरण. काना-मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं यांत कुठे अडकलेलं मूल तिसरीत गेलं, तरी त्याच्यासाठी कुणी थांबत नाही. बाईंना पोर्शन संपवायचा असतो. मूल बिचारं पाठांतरावर वेळ मारून नेतं.

आणि नुसतं अक्षर ओळखून भागत नाही. एकेक अक्षर जुळवत वाचलं, तर वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरलेली असते. मग अर्थ कुठून लागणार? म्हणूनच केंद्र सरकारच्या २०२१ मधल्या 'निपुण भारत' मोहिमेनं तिसरीच्या मुलासाठी लक्ष्य ठेवलं ते मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून वाचण्याचं.

मुंबईतून निघालेली युक्ती

'असर' गावांत होते, म्हणून शहरातल्यांनी 'हुश्श' करू नये. 'प्रथम'चं काम सुरू झालं तेच मुळी मुंबईत, १९९५ मध्ये. पालिकेच्या शाळांत 'बालसखी' आल्या त्या याच कामातून. बालसखी म्हणजे वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना ती रोज दोनेक तास वेगळं घेऊन बसायची आणि जिथे अडलंय तिथूनच सुरुवात करायची. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी सहकाऱ्यांसह मुंबई आणि वडोदऱ्यात या प्रयोगाचा अभ्यास केला. मुलांचे गुण वाढले आणि सर्वांत जास्त फायदा झाला तो सर्वांत मागे असलेल्यांना. याच दोघांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पुढे या युक्तीला नीट आकार आला. मुलांचे गट इयत्तेप्रमाणे न करता पातळीप्रमाणे करायचे. अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले दुसरीकडे, उतारावाले तिसरीकडे. रोज थोडा वेळ गोष्ट मोठ्यानं वाचायची, बाराखडीचा तक्ता, शब्दांचे खेळ, भरपूर गप्पा. एका गटाला जमलं, की मूल पुढच्या गटात. उत्तर प्रदेशात सरकारी शाळांमध्ये अशी शिबिरं झाली. तिथे शिबिरं न झालेल्या शाळांच्या तुलनेत उतारा किंवा गोष्ट वाचू शकणाऱ्या मुलांचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. ना महागडे टॅब, ना एसी वर्ग. लागतो तो रोजचा ठरावीक वेळ आणि 'तू चौथीत असून हे येत नाही?' हा प्रश्न न विचारणारं माणूस.

तुम्हाला काय करता येईल?

• आपल्याकडे काम करणाऱ्या मावशींचं, वॉचमनकाकांचं मूल असेल, तर त्याला पाच मिनिटं द्या. पाठ्यपुस्तक नको, न पाहिलेली गोष्ट वाचायला द्या.

• अडलं तर एक पायरी खाली या. गोष्ट नाही जमली तर शब्द, शब्द नाही तर अक्षरं. सुरुवात तिथून.

• गोष्टी कुठून आणायच्या? 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, पातळी निवडून. तुमचा मोबाइल पुरे.

• महिन्यातून एकदा तीन तास नकोत. रोज वीस मिनिटं द्या.

आमच्याकडे हे सुरू होऊन आता तीन महिने झालेत. पठ्ठ्या अजून अडखळतो. परवा मावशींचं विजेचं बिल हातात घेऊन बसला होता. बराच वेळ ओठ हलत होते. मग वर बघून म्हणाला, 'ताई, देय म्हणजे काय?'

कुणी वाच म्हटलं नव्हतं. आणि बिल काही त्याला पाठ नव्हतं.