बांधापलीकडचा शेजारी

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव मराठी घरांत आजही आदराने घेतले जाते. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले, त्यात ते होते. जखमी सैनिकांची सेवा करत असतानाच ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांनी तिथेच देह ठेवला. त्यानंतर वीस वर्षांनी, १९६२ च्या ऑक्टोबरात, चिनी फौजा लडाख आणि तवांगमध्ये घुसल्या. ‘भाई-भाई’च्या घोषणा हवेत विरल्या.

मने दुभंगली, तरी शेजार कुठे बदलता येतो? १९८८ च्या डिसेंबरात राजीव गांधी बीजिंगला गेले. भारतीय पंतप्रधानांची ती चौतीस वर्षांनंतरची पहिलीच भेट. पुढे ७ सप्टेंबर १९९३ रोजी, नरसिंह रावांच्या बीजिंग भेटीत, प्रत्यक्ष नियंत्रण रेषेवर शांतता राखण्याचा करार झाला. १९९६ च्या करारात तर या रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही, सुरुंग लावायचे नाहीत, बंदुकीने शिकारही करायची नाही, असे ठरले. बांधाचा तंटा कोर्टात असला म्हणून पेरणी थांबत नाही, पाटाचे पाणी पाळीने घ्यावेच लागते, तसाच हा व्यवहार.

मेख होती ती बांधातच. रेषा नेमकी कुठून जाते, यावर एकमत नव्हते. नकाशांची देवाणघेवाण झाली, तीही फक्त मधल्या विभागापुरती. १५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात आपले २० जवान हुतात्मा झाले. चीनने नंतर आपले चार सैनिक गेल्याची कबुली दिली. त्या रात्री गोळी सुटली नाही. दगड आणि खिळे ठोकलेले दांडके चालले. कराराचे अक्षर राहिले, विश्वास मात्र गेला.

तो परत जोडायला वेळ लागला. २०२४ च्या ऑक्टोबरात देपसांग आणि डेमचोकमधील गस्तीबाबत तोडगा निघाला. २०२५ च्या उन्हाळ्यात कैलास-मानसरोवराची यात्रा आणि ऑक्टोबरात थेट विमाने पुन्हा सुरू झाली. व्यापार तर कधी थांबलाच नव्हता. २०२४-२५ मध्ये चीनमधून आपली आयात ११३ अब्ज डॉलरच्या वर होती आणि निर्यात जेमतेम १४ अब्ज. आपल्या गोळ्या-औषधांच्या कच्च्या मालापासून मोबाइलच्या सुट्या भागांपर्यंत बरेच काही तिकडून येते. सावधगिरी केवळ सीमेवरच नव्हे, कारखान्यातही हवी, ती यासाठी. जे आपल्याला करता येते ते आपण करू लागलो, तरच बोलणीला बसताना पाठीचा कणा ताठ राहतो.

कोटणिसांची समाधी चीनमधल्या शिजियाझुआंगमध्ये आहे आणि गलवानच्या जवानांची नावे दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर कोरलेली आहेत. एक आठवण धरून दुसरी विसरणे सोपे असते. शहाणपण आहे ते दोन्ही जपण्यात.