मायक्रोफोनच्या गुंडीची परीक्षा

गतवर्षीं स्नेहसंमेलनाच्या तयारींत इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्यानें स्वतः जुळविलेलें ध्वनिवर्धक यंत्र मजकडे आणिलें. त्यांतून आवाज येईना. मीं मीटर लावून मायक्रोफोनची गुंडी बिघडली, असा निकाल दिला. त्यानें खाऊच्या पैशांतून दुसरी आणिली, तीहि बहिरीच! दोन्ही गुंड्या निर्दोष होत्या, हें मागाहून कळलें. तेव्हां ही परीक्षा कशी करावी, तें सांगणें मला प्राप्तच आहे.

सदऱ्याच्या गुंडीएवढी ही धातूची डबी म्हणजे 'इलेक्ट्रेट' मायक्रोफोन. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत गेऱ्हार्ड सेसलर व जेम्स वेस्ट यांनीं १९६२ सालीं तो सिद्ध केला. आंत अतिशय पातळ पडदा असून त्यावर, किंवा त्यामागील पट्टीवर, विद्युद्भार कायमचा सांठविलेला असतो. आवाजानें पडदा हालला कीं विद्युद्दाब किंचित् बदलतो. हा नाजूक बदल बाहेर आणण्यासाठीं डबींतच एक लहानसा ट्रान्झिस्टर बसवितात. म्हणून या गुंडीस बाहेरून वीज पुरवावी लागते, व तीहि योग्य दिशेनें. आम्हां दोघांचें चुकलें तें येथेंच.

गुंडी पालथी करून पाहावी. जें टोंक डबीच्या धातूस जोडलेलें दिसेल, तें ऋण. दोन सेलांचे ३ व्होल्ट घेऊन धन टोंकास २,२०० ओहमच्या रेझिस्टरमधून वीज द्यावी, व ऋण टोंक सेलांच्या ऋण बाजूस जोडावें. नंतर गुंडीच्या दोन टोंकांमधील दाब मल्टिमीटरनें मोजावा. पूर्ण ३ व्होल्ट दिसले, तर गुंडींतून वीज वाहतच नाहीं. शून्य दिसल्यास टोंकें आंत एकमेकांस भिडलीं आहेत. दोन-अडीच व्होल्ट आले म्हणजे ट्रान्झिस्टर शाबूत समजावा.

परंतु ट्रान्झिस्टर शाबूत म्हणजे कान शाबूत, असें नव्हे! ओलाव्यानें वा उष्णतेनें आंतील भार नाहींसा झाला असेल, तर आंकडा बरोबर येऊनहि गुंडी बहिरीच राहते. याकरितां तिजवर हळूच फुंकर घालावी. शेवटचे आंकडे थरथरले पाहिजेत. मग धन टोंकापासून १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून तार ध्वनिवर्धकास नेऊन बोलून पाहावें. खरा निकाल हाच.

कित्येक मंडळी केवळ ओहम मोजून मोकळी होतात. मींहि तेंच केलें होतें. माझा मीटर कांट्याचा. अशा बहुतेक मीटरांत ओहम मोजतांना काळी तार धन होते, हें माझ्या ध्यानांत राहिलें नाहीं. विद्यार्थ्यानेंहि यंत्रांत टोंकें उलट जोडलीं होतीं. तीं फिरवितांच दोन्ही गुंड्या बोलूं लागल्या.

डाख देतांना तापलेली सळई टोंकावर दोन-तीन सेकंदांहून अधिक टेकवूं नये. दुसऱ्या गुंडीचे पैसे मीं त्यास परत दिले. ती आतां प्रयोगशाळेच्या कपाटांत आहे. ज्यास हा प्रयोग करून पाहावयाचा असेल, त्यानें ती मजकडून मागून न्यावी.