घोड्याच्या केसांची ऋतुमानाप्रमाणें निगा

शिरूर गांवास आमच्याकडील लोक अद्यापि घोडनदी म्हणतात, आणि त्याच तालुक्यांतील आलेगांव पागा या गांवाच्या नांवांत पागेची आठवण राहिली आहे. दौंडाकडील भीमाकांठचीं भीमथडी घोडीं मराठ्यांच्या घोडदळांत नांवाजलीं होतीं. २०२३ सालीं या घोड्यांस स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली. आज हीं जनावरें थोडीं उरलीं असून तीं मुख्यतः मेंढरांमागें फिरणाऱ्या धनगर बांधवांच्या वाड्यांवर आढळतात. तीं टिकावयाचीं असतील तर त्यांच्या रोजच्या निगेकडे मालकानें स्वतः लक्ष दिलें पाहिजे.

खरारा हें केवळ शोभेचें काम आहे, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः खरारा करितांना हात सर्व अंगावरून फिरतो, व त्या हातास खोगिराखालील सूज, गोचीड अथवा गांठ डोळ्यांआधीं कळते. एका वाड्यावर आम्हीं एक तट्टू पाहिलें. वरून तें धडधाकट दिसत होतें; परंतु पाठीवर हात टेकतांच त्यानें अंग चोरलें. ओझ्याखालीं जखम झाली होती, आणि वाढलेल्या केसांमुळें ती कित्येक दिवस कोणास दिसली नव्हती.

दिवस लहानमोठा होतो त्याप्रमाणें घोड्याचे केस बदलतात. भाद्रपदापासून दाट केस येऊं लागतात व संक्रांतीनंतर दिवस वाढूं लागला म्हणजे ते गळूं लागतात. माघ-फाल्गुनांत खरारा दुप्पट वेळ करावा. मांसल भागावर तो गोल फिरवावा व नंतर मऊ ब्रश केसांच्या वळणानें ओढावा. तोंड, गुडघे व त्यांखालील पाय यांस लोखंडी खरारा लावूं नये. तेथें कापड पुरे. शिजवलेलें जवस थोडेंसें चंदींत दिल्यास नव्या केसांस तकाकी येते. मात्र केस रखरखीत राहून गळेनासे झाले, तर जंत किंवा अन्य आजार असल्याचा संशय घ्यावा.

पावसाळ्यांत खरी परीक्षा होते. आपला प्रदेश कमी पावसाचा. तरी चिखलांत उभ्या असलेल्या जनावराच्या पाठीवर व खुरामागील खळग्यांत खपल्या धरतात आणि केस झुपक्यांनीं निघतात. त्यावर तेल चोपडूं नये. तेलाखालीं ओल कोंडून रोग वाढतो. जागा हळुवार धुऊन कोरडी करावी, जनावर कोरड्या थानावर बांधावें व पशुवैद्यास दाखवावें. एका घोड्याचा खरारा दुसऱ्यास वापरूं नये. त्यानें नायटा पसरतो.

आयाळ व शेंपूट पावसाळ्यांत कापूं नयेत. त्या दिवसांत व त्यानंतर चावऱ्या माशांचा सुळसुळाट असतो, आणि सर्रा हा रोग त्यांच्याच चावण्यानें फैलावतो. शेंपूट हें माशा वारण्याचें घोड्याचें एक मोठें साधन आहे. गुंता बोटांनीं टोंकाकडून वर सोडवीत जावा. वरून फणी ओढल्यास केस मुळांसकट तुटतात. शेंपटीचें काम करितांना घोड्याच्या ठीक मागें उभें न राहतां बाजूस उभें राहावें.

दसऱ्यास घोडा सजविण्याची आपली चाल उत्तम आहे. त्याच दिवशीं आयाळीखालीं व शेंपटीच्या मुळाशीं उवा-गोचीड आहेत कीं काय हेंही पाहावें.

२०१४ सालीं बंद झालेल्या बैलगाडा शर्यतींस २०२१ च्या डिसेंबरांत पुन्हां परवानगी मिळाली. शिरूर-खेडकडील घाटांत बैलांपुढें घोडी धांवते. धांवून आलेल्या घोडीस पाणी लावूं नये, असा जुना समज आहे. परंतु कडक उन्हांत धापा टाकणाऱ्या जनावरावर पाणी ओतून त्यास सावलींत चालवीत थंड करणें हितावह होय. घाम वाळला म्हणजे खरारा करावा, नाहीं तर मिठानें कातडी चरचरते व खोगीर लागतें.

सकाळची अर्धी घटका आणि एक जोडी हात, एवढाच या निगेचा खर्च आहे. आमच्या वाचकांनीं उद्यां सकाळीं घोडें सोडण्यापूर्वीं त्याच्या पाठीवर एकदां सावकाश हात फिरवून पाहावा, इतकीच आमची विनंति आहे.