डॉल्फिन पाहण्यास निघताना

दिवाळी सरली की लोणावळ्यातील माझ्या दवाखान्यात ज्येष्ठांची एक मागणी हमखास येते: "मालवणला निघालो आहोत, डॉल्फिन पाहायचे आहेत, होडीसाठी उलटीची गोळी लिहून द्या." खंडाळ्याच्या घाटात गाडी लागल्याची आठवण मनात असते, समुद्राचे भय त्यातूनच उपजते.

वस्तुतः गाडी वा बोट लागणे ही तक्रार मुलांत अधिक. उतारवयात ती बहुधा ओसरते. त्यामुळे पुष्कळांना गोळीची गरजच नसते, आणि गोळी निरुपद्रवीही नसते. प्रोमेथाझिनसारख्या औषधाने गुंगी येते, तोंड कोरडे पडते. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी तुंबू शकते, काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यातील दाब वाढू शकतो, आणि स्मृती क्षीण झालेली व्यक्ती भांबावून जाऊ शकते. सिनारिझिनने कंपवात बळावू शकतो. नातवासाठी आणलेली गोळी आजोबांना देऊ नये, ती एवढ्याचसाठी.

गोळीइतकीच चिंता मला पाण्याची वाटते. लहान होडीत शौचालय नसते, म्हणून अनेक आजी आदल्या रात्रीपासून पाणीच तोडतात. त्यात रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी पोटात असेल, तर धक्क्यावर उभे राहताच भोवळ येऊ शकते. ओल्या पायरीवर पडून खुब्याचे हाड मोडले तर सहल राहते बाजूला. पाणी नेहमीप्रमाणे प्यावे, होडीत बसण्यापूर्वी लघवीला जाऊन यावे. गोळीची वेळ पुढे ढकलता येईल का, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे; स्वतःहून ती बंद करू नये.

ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ते कुबडधारी डॉल्फिन कोकणात किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, खाड्यांच्या मुखाशी वावरतात. राखाडी पाठ, तिच्यावर उंचवटा आणि त्यावर लहानसा पर. श्वासासाठी ते वर येतात आणि क्षणात दिसेनासे होतात. मळमळीचे मूळ असे, की अंतर्कर्णातील तोलाचे इंद्रिय हेलकावे टिपते आणि डोळ्यांसमोरची होडी मात्र स्थिर भासते. दूर पाण्यावर डॉल्फिन शोधणारी नजर क्षितिजावर राहते, त्यामुळे हा विसंवाद कमी होतो. मोबाईलमध्ये डोके घालणाऱ्यास बोट लवकर लागते, आणि डॉल्फिनही हुकतो! होडीच्या मध्यभागी बसावे, तेथे हेलकावे कमी लागतात. डॉल्फिनांचा पाठलाग करू नये, असे नावाड्यास आधीच सांगावे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

खोल समुद्रातील वेंगुर्ला रॉक्स ही बेटे गुहांत घरटी करणाऱ्या पाकोळ्यांसाठी प्रसिद्ध आहेत. तेथवरचा प्रवास लांबचा, आणि खडकांवर उतरणे दुखऱ्या गुडघ्यांचे काम नव्हे. मालवणच्या धक्क्यावरून कुरटे बेटावरील सिंधुदुर्ग मात्र अगदी समोर आहे. जीवरक्षक जाकीट घालून, नावाड्याचा हात धरून, प्रथम एवढाच प्रवास करून पाहावा. तो निभावला, तर दुसऱ्या दिवशी वारा पडलेला असताना सकाळीच डॉल्फिनांसाठी निघावे.