आमच्या माळावरचा तरवड

तरवड हे एक रानटी झुडूप आहे. ते कोणी लावत नाही, आपोआप उगवते. सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस कमी पडतो. तिकडे पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांत मुरमाड माळावर आणि डोंगराच्या पायथ्याला तरवड पुष्कळ दिसतो. आमच्या गावातही आहे.

तरवड कमरेएवढा, कधी डोक्याएवढा वाढतो. एका काडीला दोन्ही बाजूंनी बारीक पानांच्या आठ ते बारा जोड्या असतात. काडीच्या बुडाशी कानासारखे हिरवे पान असते, नीट बघा. त्यावरूनच त्याचे शास्त्रीय नाव ‘सेन्ना ऑरिक्युलाटा’ पडले. ऑरिक्युलाटा म्हणजे कान असलेली.

फूल पिवळेधमक असते. पाकळ्या पाच. पुंकेसरांच्या टोकाला बारीक भोक असते. भुंगा फुलाला धरून गुंऽऽ करतो, मग फूल हादरते आणि भोकातून पराग बाहेर पडतात. मिठाची डबी हलवल्यावर मीठ पडते ना, तसेच! नंतर चपट्या शेंगा येतात.

नवरात्रात घटाला तरवडाच्या फुलांची माळ घालतात. तेलंगणात याला तंगेडू म्हणतात. ते त्या राज्याचे राज्यफूल आहे. तिथे बतुकम्माच्या सणाला फुलांची रास रचतात, तिच्यात ही फुले असतात.

पूर्वी विहिरीचे पाणी कातड्याच्या मोटेने काढत. ते कातडे कमवायला तरवडाची नाहीतर बाभळीची साल लागे.

शेरडं-मेंढरं तरवडाला तोंड लावत नाहीत. म्हणून काही लोक म्हणतात, हा काय कामाचा? बांध साफ करताना जेसीबीने उपटून टाकतात. पण त्याची मुळे मुरूम धरून ठेवतात. ओढ्याकडच्या एका बांधावरचा सगळा तरवड काढला होता. पावसाळ्यात तो बांध दोन ठिकाणी फुटला आणि माती ओढ्यात गेली. शेजारच्या बांधावर तरवड आहे. तो बांध जागचा हलला नाही. वाहून गेलेली माती काही परत येत नाही.

म्हणून पालकांना विनंती आहे, जळणाला हवा असेल तर वरच्या फांद्या तोडा, मूळ राहू द्या. तो पुन्हा फुटतो. आणि मुलांनो, माळेसाठी फुले आणताना झुडूप ओरबाडू नका. थोडी फुले झाडावर ठेवा. ती भुंग्याला होतील, शेंगा धरतील आणि पुढच्या साली नवीन तरवड उगवेल.

– इयत्ता ४ थी